लहान मुलांची हस्तकला आणि चित्रपुस्तकं: आपण नेमकं किती मध्ये पडायचं?

रेघोट्या

दोन ते सात वयाच्या मुलांबरोबर घरी चित्रं, चिकटकाम, कातरकाम आणि पुस्तकवाचन कसं करता, यावर बोलायला हा धागा. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल.

हस्तकलेच्या नावाखाली घरोघरी जे चालतं, त्यातलं बरंचसं काम मोठ्यांचंच असतं. सशाचा गोल आईने कापलेला, मिशा बाबांनी आखलेल्या, मुलाने फक्त दाखवलेल्या जागी डोळे चिकटवायचे. फोटो झकास येतो. पण कान किती लांब, रंग कुठला, मुळात ससाच का आणि मगर का नाही, यातलं काहीही मुलाने ठरवलेलं नसतं. ठरवायचंच काढून घेतलं तर मुलाच्या वाट्याला उरते ती मजुरी.

म्हणून आमच्याकडे नमुना ठेवत नाही, सामान ठेवते. खोकी, पुठ्ठे, कागदी नळ्या, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, लोकर, सुतळी, जुनी मासिकं, वाळलेली पानं. सायमन निकल्सन नावाच्या ब्रिटिश कलाकाराने १९७१ मध्ये एक लेख लिहिला होता. त्याचा मुद्दा असा की, आसपास हलवता-बदलता येण्याजोग्या सुट्या गोष्टी जितक्या जास्त आणि जितक्या तऱ्हेच्या, तितकं माणसाला नवं काही शोधायला वाव जास्त. महागड्या संचात नेमकं उलटं असतं. प्रत्येक तुकड्याची जागा ठरलेली आणि एक तुकडा हरवला की सगळंच बाद.

तुम्ही काय करता? आणि चित्रपुस्तकांचा याच्याशी कसा संबंध जोडता? मला तो दुवा फार महत्त्वाचा वाटतो, पण त्यावर जाणकारांनी लिहावं.

पुठ्ठाबहाद्दर

रेघोट्याताई, अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यावर हरकत आहे.

नुसतं सामान समोर ओतलं की मूल आपोआप निर्मिती करतं, हा गोड गैरसमज आहे. चार वर्षांच्या मुलाला दोन पुठ्ठे काटकोनात उभे जोडायचे असतात आणि ते कसं करायचं हे त्याला माहीत नसतं. तिथे तो रडतो, सामान फेकतो, आणि आपण म्हणतो, ‘याला आवड नाही’. तंत्र दाखवावं लागतं. पुठ्ठ्याच्या नळीच्या कडेला छोटे छेद द्यायचे आणि फाळके आलटून पालटून आत-बाहेर दुमडायचे की नळी सपाट कागदावर उभी राहते. दोन पुठ्ठ्यांना समोरासमोर अर्ध्यापर्यंत खाच पाडली की ते खळीशिवाय एकमेकांत बसतात. ही दोन तंत्रं कळली की पोरं स्वतःच किल्ले, गाड्या, डायनासोर उभारायला लागतात.

तेव्हा माझी वाटणी अशी: हत्यार कसं धरायचं, जोड कसा द्यायचा हे दाखवा. काय बनवायचं हे दाखवू नका.

कात्रीचं तर नीट शिकवाच. आधी भरपूर कागद फाडू द्या, कारण फाडताना दोन्ही हात वेगवेगळं काम करायला शिकतात. मग मातीच्या वळ्या कापायला द्या. त्यानंतर जाड कागदाची बोटभर रुंदीची पट्टी, एका फटक्यात तुकडा पडेल अशी. पातळ कागद सुरुवातीला देऊ नका, तो पात्यांत दुमडतो आणि मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. अंगठा वर, कोपर अंगाशी. वळण कापताना कात्री फिरवायची नाही, दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. साधारण तिसऱ्या वर्षी नुसते तुकडे पाडणं, चौथ्याच्या आसपास सरळ रेघ आणि गोल त्यानंतर, असा क्रम असतो. मागेपुढे चालतं.

डावखुऱ्या मुलाला डावखुरी कात्री घेऊन द्या, हा लाड नाही. साध्या कात्रीत वरचं पातं डाव्या हाताने कापणाऱ्याची रेघ झाकतं, आणि हाताच्या नैसर्गिक दाबाने पाती एकमेकांपासून लांब जातात. मूल धांदरट नसतं, कात्री उलटी असते.

चिकटवायला घरची खळ उत्तम. एक भाग मैदा, चार-पाच भाग पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये टिकते, वास आला की फेकायची. कागदाला कागद झकास चिकटतो, झाकणं मात्र चिकटत नाहीत.

नुकतीच_आई

वाचतेय. आमच्याकडे अडीच वर्षांचं वादळ आहे. खडू मोडतो, मग खातो. चित्र वगैरे लांबच, नुसत्या गिरगोट्या. इतक्या लवकर सुरू करण्यात काही अर्थ आहे का?

बालवाडीची_ताई

@नुकतीच_आई, आहे, आणि गिरगोट्यांना ‘नुसत्या’ म्हणू नका. माझं आयुष्य त्या बघण्यात गेलंय.

ऱ्होडा केलॉग नावाच्या अमेरिकन बालशिक्षिकेने जगभरातून लहान मुलांची लाखो चित्रं गोळा केली आणि १९६९ मध्ये त्यावर मोठं पुस्तक लिहिलं. तिने गिरगोट्यांचे वीस मूळ प्रकार मांडले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी, नागमोडी, गोल गुंडाळी, असे. मुलं आधी हाताच्या हालचालीचाच आनंद घेतात. मग बंद आकार येतो. त्या गोलात दोन ठिपके पडतात आणि एक दिवस त्या गोलालाच खाली दोन पाय फुटतात. धड नाही, मान नाही, थेट डोक्याला पाय. साधारण तीन ते चार वर्षांत अशी बेडूकपिल्ली माणसं बहुतेक मुलं काढतात. पालक येऊन घाबऱ्या आवाजात विचारतात, ‘हिला पोट का काढता येत नाही?’ काढेल हो. पोट कुठे असतं ते तिला व्यवस्थित माहीत आहे, गोड खाल्ल्यावर तिथेच हात ठेवते.

‘हे काय काढलंयस?’ हा प्रश्न या वयात शक्यतो टाळा. मुलाने काहीच ‘काढलेलं’ नसतं, मग ते आपल्या समाधानासाठी ‘हत्ती’ म्हणून मोकळं होतं. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला. ‘इथे खूप जोरात फिरवलंस, कागद चकाकायला लागला.’ मुलाला बोलायचं असेल तर बोलेल.

खडू मोडण्याबद्दल: तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला मी मुद्दाम छोटे तुकडे देते. लांब खडू मुठीत धरता येतो, पेराएवढा तुकडा चिमटीतच धरावा लागतो, त्यामुळे पकड आपोआप सुधारते. पण तुमचं बाळ खातंय, तेव्हा तुकडे अजिबात नकोत. त्याला जाडजूड, लहान मुलांसाठीचे बिनविषारी खडू द्या आणि जवळ बसा. किंवा रंगच नको. भांड्यात थोडं पाणी आणि एक रुंद कुंचला, आणि अंगणातली भिंत किंवा फरशी. रेघ उमटते, वाळून जाते, परत काढायची. उभ्या भिंतीवर काम केलं की खांदा आणि मनगटही तयार होतं. पाणी असेल तिथून उठून मात्र जायचं नाही.

आणि रेघोट्याताई, तुमच्या यादीत झाकणं आहेत म्हणून सांगते. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सोपी चाचणी: टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आत जाते, ती त्याच्या हाताशी नको. बटण सेल, छोटे ताकदवान चुंबक आणि पाण्यात फुगणारे मणी हे तीन पदार्थ तर मोठ्या भावंडांच्या डब्यातूनही काढून टाका. गिळले गेले तर जिवावर बेततं.

रेघोट्या

ताई, नळीची चाचणी लक्षात ठेवण्याजोगी. पुठ्ठाबहाद्दर, तंत्र आणि विषय ही वाटणी मान्य.

शंकासुर

एक बाळबोध शंका. मुलाने चित्र आणून दाखवलं तर ‘वा, छान!’ म्हणायचं की नाही? हल्ली म्हणे कौतुकानेही मुलं बिघडतात. काहीच नाही म्हणालो तर तो तिथेच उभा राहतो.

दुसरी_बाजू

@शंकासुर, यावरचा एक जुना प्रयोग लोक अर्धवट सांगतात, म्हणून जरा सविस्तर.

१९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली अशी मुलं निवडली, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडत होतं. तीन गट केले. पहिल्याला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र मिळालं, पण चित्रं काढून झाल्यावर, अचानक. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तीच पेनं पुन्हा मोकळी ठेवली. बक्षिसाचा सौदा करून काढणारी मुलं आता इतरांच्या निम्मा वेळच चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही.

म्हणजे कौतुक विष नाही. ‘चित्र काढ, मग चॉकलेट’ हा व्यवहार वाईट, कारण जे मूल आपणहून करत होतं त्याचं आपण काम करून टाकतो. तुमच्या मुलाने आणून दाखवलं आणि तुम्हाला खरंच आवडलं तर मनापासून म्हणा. फक्त दर वेळी रबरी शिक्क्यासारखं ‘व्हेरी गुड’ नको. मोबाईलमधून मान वर न करता म्हटलेलं तर मुलांना लगेच कळतं.

पानोपानी

रेघोट्याताईंनी चित्रपुस्तकांचं विचारलंय आणि सगळे कात्रीतच अडकलेत, म्हणून मी येते. लहान मुलांच्या पुस्तकांतच माझी नोकरी आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

पहिली गोष्ट. मांडीवर बसलेलं मूल आणि वाचणारं माणूस, दोघंही एकाच पानाकडे बघत असले तरी वेगवेगळं वाचत असतात. वाचता न येणाऱ्या मुलांची नजर यंत्राने टिपली, तेव्हा ती जवळजवळ पूर्ण वेळ चित्रावरच असल्याचं दिसलं, मजकुरावर अगदी क्षणभर. म्हणजे आपण ओळ संपली म्हणून पान उलटतो, तेव्हा मुलाचं पान अजून संपलेलं नसतं. ‘थांब ना!’ म्हणून जो हात मध्ये येतो तो चाळा नसतो. कोपऱ्यातली गोगलगाय त्याची बघायची राहिलेली असते.

म्हणून माझं पहिलं सांगणं: पान उलटायचं काम मुलाकडे द्या. एवढ्या एका बदलाने वाचनाची सगळी चाल बदलते.

चांगल्या चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगत नाहीत. शब्द म्हणतात ‘सगळीकडे शांतता होती’ आणि चित्रात मांजर खिडकीतून उडी घेत असते. या दोन्हींमधल्या फटीत मूल स्वतःची गोष्ट घुसवतं. हस्तकलेचा आणि पुस्तकाचा दुवा मला इथे दिसतो. दोन्हीकडे काहीतरी अपुरं ठेवलेलं असतं आणि ते मुलाने पुरं करायचं असतं. सगळं सांगून टाकणारं पुस्तक आणि सगळे तुकडे ठरलेला संच यांत मला तरी फरक दिसत नाही.

बिनशब्दांची पुस्तकं त्यासाठी हवीतच. अनेक पालक ती परत करतात, ‘यात वाचायचं काय?’ म्हणून. एक करून बघा. पहिल्यांदा काही न बोलता पूर्ण चाळा. दुसऱ्यांदा मुलाला सांगू दे. तिसऱ्यांदा तुम्ही सांगा आणि मुद्दाम वेगळी गोष्ट सांगा. ते तावातावाने दुरुस्त्या करायला लागेल, त्या ऐका.

तेच ते पुस्तक रोज वाचायला लागतं, अशी तक्रार असते. वाचा. हॉर्स्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काहींना तेच नवे शब्द असलेल्या वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, काहींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा. शब्द ऐकले दोघांनी सारख्याच वेळा, पण ते लक्षात राहिले एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. गोष्ट पाठ झाली की मुलाचं लक्ष बारकाव्यांकडे जायला मोकळं होतं, असा माझा अनुभव आहे.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना वाचताना संवाद कसा साधायचा ते शिकवलं: उघडे प्रश्न विचारणं, मूल जे बोललं त्यात एक-दोन शब्दांची भर घालून परत म्हणणं. महिन्याभरात मुलांच्या बोलण्यात स्पष्ट फरक पडला. मूल म्हणालं ‘कुत्रा पळाला’, आपण म्हणायचं ‘हो, ओला कुत्रा पळाला, आता कुठे जाईल?’ बस. पण ही पद्धत कळल्यावर काही पालक इतके पेटतात की दर पानावर तोंडी परीक्षा. ‘कोणता रंग? किती पक्षी? याला काय म्हणतात?’ ज्याचं उत्तर आपल्याला माहीतच आहे असा प्रश्न मुलाला संवाद वाटत नाही. मी पुस्तकामागे दोन-तीन जागा थांबायला ठेवते आणि बाकी नुसतं वाचते. झोपेच्या वेळी तेही नाही.

शंकासुर

आणि मोबाईलवरची हलती-बोलती पुस्तकं?

पानोपानी

पुस्तक स्वतःच बोलायला लागलं की पालक गप्प होतात, ही माझी मुख्य तक्रार. बटणं दाबण्यात गोष्टीचा धागा सुटतो. लांबच्या प्रवासात मीही विरोध करणार नाही. रोजचं नको.

निवृत्त_आजोबा

छान चर्चा. मला वाचनाचं फारसं कळत नाही, पण नातवंडांबरोबर हात रंगवतो. ज्यात पुढे काय होणार ते मोठ्यांनाही माहीत नसतं असे प्रकार मी निवडतो, म्हणजे आजोबा हुशार आणि नात शिकाऊ असा मामला राहत नाही.

कागदाची घडी घालून एका बाजूला रंगाचे थेंब टाकायचे आणि दाबायचं. रंगात बुडवलेला दोरा घडीत ठेवून हळूच ओढायचा. पानाच्या शिरांची बाजू वर करून त्यावर पातळ कागद आणि आडवा धरलेला खडू घासायचा. मेणबत्तीने पांढऱ्या कागदावर गुपचूप काहीतरी लिहायचं आणि दुसऱ्याने वरून पातळ जलरंग फिरवायचा. मेण पाणी धरत नाही, म्हणून तेवढी रेघ पांढरी राहते. हा शेवटचा खेळ सात वर्षांची आणि तीन वर्षांचा दोघंही तितक्याच उत्साहाने खेळतात.

रंग एका वेळी दोनच देतो. पिवळा आणि निळा दिला की हिरवा त्यांचा त्यांना सापडतो, आणि मग त्या हिरव्यावर त्यांची मालकी असते. सगळे रंग एकदम दिले की पाच मिनिटांत चिखल.

तिसऱ्या_मजल्यावरून

सगळं मान्य, पण पसारा? जागा लहान, दोघं नोकरी करतो. संध्याकाळी घरभर रंग पुसायची ताकद नाही. असल्या धाग्यांवर याबद्दल कुणी बोलत नाही.

पुठ्ठाबहाद्दर

@तिसऱ्या_मजल्यावरून, रास्त प्रश्न. पसाऱ्याला हद्द घाला. एक मोठा कडा असलेला ट्रे किंवा जुनी चादर. जे काही करायचं ते त्या चौकोनात, संपल्यावर चादरीचे चार कोपरे उचलले की काम झालं. रोज रंग नकोतच. कोरडं सामान (खडू, कागद, कात्री) मुलाच्या उंचीवर उघड्या डब्यात, ओलं सामान वरच्या फळीवर, सुट्टीच्या दिवशी. आवरणं हा खेळाचाच भाग धरा. झाकणांचा डबा, कागदांचा डबा, चिंध्यांचा डबा, प्रत्येकावर मुलानेच चित्र काढलेली चिठ्ठी. तीन वर्षांचं मूलही लावून ठेवतं.

आणि रोज काही ‘उपक्रम’ झालाच पाहिजे हे डोक्यातून काढा. कंटाळलेलं मूल खोक्यात जाऊन बसतं, ते बसू द्या.

रेघोट्या

पानोपानीच्या प्रतिसादाला जोडून आम्ही घरी करतो ते सांगते: मुलांनी स्वतः पुस्तक बनवणं. एका कोऱ्या कागदापासून आठ पानांची पुस्तिका होते.

कागद तीनदा अर्ध्यात दुमडून उघडायचा, आठ चौकटी दिसतात. मग आखूड कडा एकमेकींवर येतील असा एकदाच दुमडायचा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या आडव्या घडीवरून, फक्त पहिल्या उभ्या घडीपर्यंत कात्री चालवायची. कागद उघडला की मधोमध एक फट दिसते. आता लांबीत अर्धा दुमडून दोन्ही टोकं आत ढकलायची. फट उघडते, अधिकचं चिन्ह तयार होतं, आणि पानं एका दिशेने गुंडाळली की पुस्तक. टाके नाहीत, खळ नाही.

मूल सांगतं, आपण लिहायचं. ‘मग तो गेला मग तो परत गेला मग त्याला शी लागली’ असं सांगितलं तर तस्संच लिहायचं, सुधारून नाही. आपलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं जातंय हे कळल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो. मागच्या पानावर लेखकाची माहिती आणि स्वतःचं चित्र हवंच, असा आमच्याकडच्या लेखकांचा आग्रह असतो.

चिकटचित्रांसाठी आधी कागदच रंगवून ठेवतो, कसेही, फराटे, ठिपके, कंगव्याने ओरखडे. वाळल्यावर ते कापून-फाडून चित्रं. नामवंत चित्रकारांनीही अशा रंगवलेल्या कागदांतून पुस्तकं केली आहेत. तशी पुस्तकं शोधून मुलांबरोबर बघा. ‘हे पण कापून चिकटवलंय!’ हे मुलांना स्वतःला दिसलं पाहिजे.

नुकतीच_आई

धन्यवाद ताई, पाण्याचा कुंचला सुपरहिट झाला. भिंत, फरशी, स्वतःचं पोट, सगळं रंगवून झालं.

एक प्रश्न भाचीच्या वतीने. वय सहा. गेले कित्येक महिने एकच चित्र. चौकोनी घर, त्रिकोणी छप्पर, कोपऱ्यात पाव सूर्य, खाली हिरवी पट्टी. तिच्या आईला वाटतं कल्पनाशक्ती संपली. नमुना नाही, सक्ती नाही, तरी हे का?

बालवाडीची_ताई

संपली नाही, तिने स्वतःची लिपी बसवली आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, त्यात साधारण सातव्या वर्षाच्या आसपास मूल प्रत्येक गोष्टीसाठी एक ठरीव आकार तयार करतं आणि तो घोटतं. खाली जमिनीची पट्टी येते, वर आकाशाची. आधी वस्तू कागदावर तरंगत असत, आता त्या उभ्या राहायला लागल्या. ही मोठी प्रगती आहे. शिवाय ते घर ती मैत्रिणींकडूनही शिकली असणार. मुलं एकमेकांचं बघून भरपूर उचलतात, त्यात काही पाप नाही.

घर बदल असं सांगू नका. कागद बदला. हातभर लांब आणि चार बोटं रुंद अशी पट्टी द्या, किंवा मोठा गोल कापून द्या, किंवा काळा कागद आणि पांढरा खडू. कोपराच नसेल तर सूर्य कुठे ठेवायचा हा प्रश्न तिचा तिला पडेल. आणि घराबद्दल विचारायचंच असेल तर आत कोण काय करतंय ते विचारा. बहुतेक वेळा पुढच्या चित्रात भिंत पारदर्शक होते आणि आतली सगळी मंडळी दिसायला लागतात.

नुकतीच_आई

लांब पट्टी आणि काळा कागद तिच्या आईला पाठवते. इथे काय झालं ते कळवेनच.